राजाक्काचा खोटा भंडारा

राजाबाई माझी थोरली बहीण. आम्ही तिला राजाक्का म्हणायचो. निपाणीजवळच्या आमच्या गावात तंबाखूच्या रानात मजुरी करायची. नवरा गेलेला, पदरात एकच पोरगा, परशराम. बाकी सांगण्यासारखं काय न्हवतं बघा तिच्यात. पण गावच्या देसायांना मूल न्हवतं आणि राजाक्काचा नवरा त्यांच्या भावकीतला. तिथंच सगळं फसलं.

अडतीस साली देसायांचा निरोप आला, पोरगा दत्तक द्या. मी तवाच भांडले. पाच वर्सांचं लेकरू, वारस होऊन काय दिवे लावणार हाय? पण हिला लई हौस, पोरगं घोड्यावर बसंल, पोटभर खाईल. आईनं हातानं दिल्याबिगर दत्तक होत न्हाई, म्हणून होमापुढं तिनं आपल्या हातानं त्याला देसायांच्या मांडीवर बसवलं. मी डोळ्यांनी बघितलंय. परश्याचा प्रतापराव झाला. आणि रीत अशी, की दिलेल्या पोराच्या दारात आईनं परत जायचं न्हाई. ही बया ती रीत पाळत बसली.

दोन वर्सांनी देसाई वारले. कारभार त्यांच्या चुलतभावाच्या, आण्णाप्पाच्या हातात गेला. पोरगा आजारी म्हणून त्यानं माडीवर ठेवला आणि दाराला बाहेरनं कडी घातली. बेचाळीस साली तिथली भांडीवाली सांगत आली, पोरगं अंधारात पडून हाय, पाय सुजल्यात, बोलत न्हाई. राजाक्कानं हातातलं काम टाकलं. रीत गुंडाळून धावत गेली, तर गड्यांनी हाकललं. चिकोडीच्या कचेरीत कारकून म्हणाला, दिलेला मुलगा तुमचा न्हवं. त्यात चळवळ पेटलेली, तारा तुटलेल्या. एका पोरासाठी फौजदार कुठला येतोय? "माझं पोरगं मरतंय गं," म्हणत ती दारोदार फिरली. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

शेवटी आण्णाप्पानंच निरोप धाडला. दत्तक झालंच न्हाई असं ठरलं, तर देसायांचं सगळं त्याचं, आणि पोरगं वाड्यात मेल्याचं बालंटही न्हाई. राजाक्कानं यल्लम्माच्या देवळात पंचांपुढं हळदीचा भंडारा उचलून सांगायचं, मी पोरगं हातानं दिलं न्हाई. मग पोरगं घेऊन जायचं. देवीचा भंडारा हातात घेऊन खोटं बोललं की घर बुडतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजाक्काचा हात थांबला न्हाई. मूठभर हळद उचलून म्हणाली, "मी माझं पोरगं दिलं न्हाई." तिथंच गड्याच्या खांद्यावर परश्या होता. त्यानं ऐकलं.

घरी आणलं तर नुसती हाडं. आठ दिवस ती चमच्या चमच्यानं पेज पाजत होती. पोरगं एक शब्द बोललं न्हाई. नवव्या दिवशी त्यानं तोंड उघडलं.

"तू मला खरंच दिलं न्हवतंस?"

मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता तरी खरं सांगंल. पण शब्द मागं घेतला तर पोराला परत माडीवर नेतील, ह्या धास्तीनं तिचा जीव उडालेला.

"न्हाई रं बाळा. कधीच न्हाई."



"मग चार वर्सं न्यायला का आली न्हाईस?"

राजाक्कानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं पेजेचा चमचा पुढं केला. परश्यानं भिंतीकडं तोंड केलं, आणि दिवेलागणीच्या आत पोरगं गेलं.