अंगठ्याची पसंती

लोहाऱ्याच्या रस्त्यावरचा आमचा सायकलवाला दुसऱ्याने भरलेल्या हवेवर विश्वास ठेवत नाही. कुणाचंही चाक असो, आधी अंगठ्याने दाबतो, तोंड वाकडं करतो आणि पुन्हा पंप लावतो.

माझी ट्रायथलॉन आठवड्यावर आली होती. आधी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग धावायचं. वाटेत पंक्चर झालं तर दुसऱ्याची मदत चालत नाही, हे मी त्याला बोलता बोलता सांगितलं. त्याने हातातला पाना ठेवला आणि माझ्या मागच्या चाकाची सगळी हवा सोडून दिली.

"अहो, हे काय?"

"तिथं मी नाई राहीन, मॅडम. बदला ट्यूब."

पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. मग रोज शाळा सुटली की तेच. शेवटच्या दिवशी नऊ मिनिटं! मी ओरडलेच. त्याने अंगठा लावला. "कमी हाय."

निघायच्या दुपारी सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढवणार, तोच हा दुकान उघडं टाकून हजर. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला आला. त्याने वाकून चाकातली हवा सोडली. फुस्स!

"गाडी सुटाले टाइम हाय. करा."

मी रस्त्यातच बसकण मारली. ड्रायव्हर हॉर्न देत होता, खिडक्यांतून लोक वाकून बघत होते आणि माझे हात आपोआप चालत होते. सात मिनिटं! धापा टाकत मी चाक त्याच्यापुढे धरलं.

त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"चढवा," म्हणाला.