कसली गोष्ट हवी?

निबंधाचा तास होता. कल्याणच्या आमच्या शाळेत मी फळा पुसून विषय लिहायला खडू उचलला होता, तेवढ्यात ठाण्याच्या कचेरीतले एक कारकून वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात. ते दिगूभाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसत, एवढीच माझी त्यांची ओळख. "दिगंबरपंत गेले," ते म्हणाले. "सकाळी आले, कोट खुंटीला लावला आणि खुर्चीत बसले, ते बसलेच." मी मुलांकडे वळून म्हणालो, लिहा तुम्ही. विषय फळ्यावर नव्हताच... तरी मुलं माना खाली घालून काहीतरी लिहू लागली. मुलांना कळतं.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. दिगूभाऊ गेल्याची बातमी बहुतेक वाचकांपर्यंत पोचलीही नसेल, कारण वाचकांच्या लेखी ते एक माणूस नव्हतेच. विनोदी कथा ते एका नावाने लिहीत, रहस्यकथा दुसऱ्या, भुताखेताच्या तिसऱ्या, आणि बायकांच्या मासिकातल्या संसारकथा एका बाईच्या नावाने. त्या बाईंना तर चाहत्यांची पत्रं येत. एकीने संक्रांतीचं हळदीकुंकवाचं आमंत्रणही धाडलं होतं. "जाऊन येऊ का गं?" असं ते स्वयंपाकघरात जाऊन विचारत, आणि वहिनी म्हणत, "जा की. माझी नऊवारी देते."

मी मुरबाडकडचा. डोंबिवलीत आलो तो कॉलेजात जायला, स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. वार लावून जेवायचे ते दिवस; मंगळवार आणि शनिवार मी दिगूभाऊंकडे जेवत असे. विहिरीला लागून असलेल्या त्यांच्या दोन खोल्या, पलीकडे भाताची खाचरं. मी बी. ए. झालो त्या दिवशी माझ्या वडिलांनी त्यांना नमस्कार केला होता. वडील वयाने कितीतरी मोठे... दिगूभाऊ खाली बसले आणि त्यांचे हात धरून राहिले. आज चार ओळी मला नीट लिहिता येत असतील तर त्या त्याच घरच्या आहेत.

त्यांची लिहिण्याची एक रीत होती. गोष्ट आधी सांगायची, मग लिहायची. तीही ज्याची त्याला. रहस्यकथा कचेरीतल्या एका हवालदाराला, संसारकथा वहिनींना. शेतकऱ्याची गोष्ट असली की मला घेऊन जवळच्या कोपर गावापर्यंत चालत जायचं आणि तिथल्या धर्माबाबांना बांधावर बसून ऐकवायची. एकदा सगळं ऐकून झाल्यावर धर्माबाबा म्हणाले, "भाऊसाहेब, शेतकरी बैलाशी येवरा बोलत नाय. बायकोशी बी येवरा बोलत नाय." परतताना दिगूभाऊ हसत होते, आणि बैलाशी केलेली ती सगळी भाषणं त्यांनी वाटेतच काढून टाकली. विनोदी गोष्ट मात्र कुंदाची. कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी. समोर मांडी घालून बसायची आणि मध्येच विचारायची, "बाबा, इथे हसायचं का?"

"हसू आलं तर हस."

"मग नको."

की ती गोष्ट बाद.

कुंदा सहा वर्षांची होऊन विषमज्वराने गेली. त्याच सुमारास दिवाळी अंकांची पत्रं आलेली होती. एका संपादकाला विनोदी कथा कबूल केली होती, ती दिगूभाऊंनी लिहून पाठवली. अंक निघाल्यावर चाळीत कुजबुज झाली, बापाचं काळीज आहे की काय, असंही कुणी म्हणालं. मी तोवर मास्तर होऊन स्वतःचं बिऱ्हाड केलं होतं, पण शनिवारचं जेवण सुटलं नव्हतं. अशाच एका शनिवारी वाढता वाढता वहिनी दिगूभाऊंना म्हणाल्या, "सगळ्यांना मागतील तशी गोष्ट देता. मला एक द्या. माझ्या कुंदाची."

आणि दिगूभाऊंनी विचारलं, "कसली हवी?"

वर्षानुवर्षांची सवय ती. प्रत्येक संपादकाला ते हेच विचारत. शब्द तोंडातून गेले मात्र, त्यांचा घास हातातच राहिला. वहिनी रागावल्या नाहीत, हे मला आजही नवल वाटतं. आमटीची पळी तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "कसलीही. तीत ती असली म्हणजे झालं."

त्यानंतर दिगूभाऊ इतर सगळं लिहीत राहिले, पण मनातून ते त्या एका गोष्टीच्या मागे होते, हे मला ठाऊक आहे. कारण ती सांगायला त्यांना वहिनी चालत नव्हत्या, आणि कुंदा तर नव्हतीच. उरलो मी. रविवारी आम्ही खाडीच्या बाजूला चालत जायचो. त्यांनी आधी विनोदी करून पाहिली. कुंदा आणि शेजाऱ्यांचा बोका. इतकी छान चालली होती की मी वाटेत थांबून हसलो. तेही थांबले. "गणू, विनोदी गोष्टीत शेवटी सगळे घरी जेवायला परत येतात रे. हिला कशी आणू?" मग कितीतरी महिन्यांनी रहस्यकथा. घरातलं मूल जातं, कुणामुळे? विहिरीचं पाणी, उशिरा आलेला डॉक्टर, साधा ताप आहे म्हणून कचेरीत निघून गेलेला बाप... "शेवटच्या पानावर नाव सांगावं लागतं," ते म्हणाले. "आणि तुझी वहिनी ते वाचणार." संसारकथेला तर त्यांनी हातच घातला नाही. आईचं दुःख आईलाच काय सांगायचं, म्हणाले.

ठाण्याला शोकसभा झाली. वक्ते म्हणाले, दिगंबरपंतांनी सगळ्या प्रकारांत हात घातला. एकाच प्रकाराला वाहून घेतलं असतं तर मोठं काम झालं असतं. मी मागच्या बाकावर होतो.

गेल्या शनिवारी मी वहिनींकडे गेलो. त्या आतल्या खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "भावजी, फिरायला जाताना ते तुम्हाला सांगायचे ना सगळं? कुंदाची झाली होती का हो?"

खोटं बोलावं असं मनात आलं. झालं नाही ते. "नाही वहिनी," मी म्हणालो. "पुरी नाही झाली." आणि मग जे जे सांगून झालं होतं ते मी एकेक सांगितलं. बोक्याची ऐकताना त्यांना हसू आलं. दुसऱ्या गोष्टीतल्या बापाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "साधा तापच आहे, हे मीसुद्धा म्हटलं होतं. त्यांना वाटलं मी विसरले?" सुपातले तांदूळ तसेच राहिले. "आणखी?"

आणखी एक होती. गेल्या थंडीत सांगितलेली, भुताची. तिन्हीसांजेला आई दिवा लावते आहे आणि विहिरीकडून मुलगी येते, पाय ओले, उंबऱ्याशी थांबते, म्हणते, आई, भूक लागली. "एवढंच सांगितलं," मी म्हणालो. "पुढे नाही गेले. म्हणाले, भुताची गोष्ट म्हणजे वाचणारा भ्यायला पाहिजे. माझ्या पोरीला बघून कुणी भ्यावं, हे माझ्याच्याने लिहवणार नाही."

बाहेर उजेड कमी झाला होता. "लोकांचं जाऊ द्या हो," वहिनी म्हणाल्या. "गोष्ट मी मागितली होती ना? मी भ्यायले असते का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कुठवर आली होती म्हणालात?"

"उंबऱ्यापर्यंत."

त्यांनी सूप उचलून बाजूला ठेवलं, आणि दारातून कुणाला आत यायचं असलं की आपण सरकतो, तशा त्या भिंतीकडे सरकून बसल्या.

"सांगा पुढे," म्हणाल्या.