आक्कांचा कान

आक्का पेला आधी पाहत नसत, ऐकत. बुडाशी धरून डोळे मिटायचे, करंगळीचं वाढवलेलं नख कडेवर हलकेच मारायचं आणि आवाज पार विरेपर्यंत गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं नाही. कोणी बोललंच तर म्हणत, "चूप राहा ना बाप्पा, तो बोलून राहिला!"

जबलपूरच्या ओमती बाजारात त्यांचं काचसामानाचं दुकान माझ्या जुन्या सामानाच्या दुकानाला लागून होतं. त्यांचे यजमान गोऱ्या साहेबांच्या क्लबात भांडार सांभाळत. ते गेल्यावर क्लबातून काढून टाकलेल्या पेल्यांवर आक्कांनी संसार रेटला. बदली होऊन जाणाऱ्या साहेबांचं सामान सदरला, छावणीच्या बाजारात, लिलावात निघे. ते आम्ही घ्यायचो आणि मालगुजारांना, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांना, विकायचो. दिवसभर दारूचे पेले हाताळणाऱ्या आक्का पाणी मात्र पितळेच्या फुलपात्रातूनच पीत. हातात बांगड्या नव्हत्या. "बरंच झालं," म्हणायच्या, "काचेला ओरखडा नाही." यावर हसावं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

मी जबलपुरात आलो तो डोक्यावर फुटाण्याची टोपली घेऊन. कोणाच्या उपकाराशिवाय दुकान उभं केलं, हे मी प्रत्येक भांडणात ऐकवत असे. काचेतलं जे मला येतं ते आक्कांनी शिकवलेलं, पण ते मी उपकारात धरत नव्हतो. शेजारी होतो, कानावर पडत होतं. "असली काच नख मारल्यावर लांबवर गात राहते. पैलूवर अंगठा फिरव. कापलेली काच अंगठ्याला चावते. साच्यात दाबलेली चोखलेल्या खडीसाखरेसारखी लागते. टवका उडालेली कड घासून सारखी केली असली का भाव निम्मा. अन् बूड पाहत जा. वापरलेल्या पेल्याच्या बुडाला बारीक ओरखडे असतेच."

एकदा बाहेरगावचा एक जण सुरई आणि पेल्यांचा पूर्ण संच घेऊन आला. एका मोठ्या मालगुजाराकडे कमिशनरसाहेब जेवायला यायचे होते, त्याला असाच संच हवा होता. मी जवळचं सगळं भांडवल त्यात घालायचं ठरवलं. तो भाव सांगे, मी पाडी. तो रडे, मी ओरडे. त्याला लोळवण्यात मी इतका रमलो की अंगठा फिरवायचा राहून गेला.

मालगुजार आला. मी तोंड उघडताच हात वर करून म्हणाला, "तुम्हारी ज़बान रहने दो, भैया. आक्का को बुलाओ."

आक्का आल्या. डोळे मिटले. नख मारलं. आवाज लाकडावर मारल्यासारखा आला आणि तिथंच मेला. मालगुजाराला त्यातलं काही कळत नव्हतं, मला कळलं. आक्कांनी पैलूवरून अंगठा फिरवला, डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी काही मागितलं नाही. माझं तोंड कसं झालं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

"असली है, मालिक," आक्का म्हणाल्या.

मेजवानीत एका पाहुण्यानं सुरईवरची साच्याची रेघ बोटानं दाखवली आणि हसला. मालगुजार तडक ओमतीत आला तो माझ्याकडे नाही, आक्कांकडे. माझ्याकडून त्याला दुसरी अपेक्षाच नव्हती.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "कान बूढ़े हो गए, मालिक," म्हणाल्या, आणि कानामागे हात धरून पुढं वाकल्या. "क्या फरमाया?"

त्या दिवसापासून बाजारानं आक्कांना बहिरं ठरवलं. पारखायला कोणी पेला आणेना. आणि आक्काही ते सोंग पुरतं निभावू लागल्या.

मी भांडायला गेलो. "मी मागितलं होतं तुमच्याजवळ? काहून बोलल्या खोटं?"

"ओरडू नको. मला ऐकू येते."

"काहून पण?"

"तुझं दुकान गेलं असतं. एवढा कान घेऊन मी कुठं जाणार होती? चलो, बस आता, चहा घे."

मी बसलो नाही. तो राग अजून आहे. ज्याचा भाव करता येत नाही, असं काही कोणी कोणाला न विचारता देऊ नये.

चारचौघांत मीही त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो. माझा आवाज मुळात मोठा, कोणाला नवल वाटलं नाही. एकदा माझ्या मागच्या खोलीत काही फुटलं, तर आक्का पलीकडून म्हणाल्या, "देठाचा पेला गेला ना रे?" मग त्यांच्या लक्षात आलं, की समोर गिऱ्हाईक बसलंय. त्यांनी कानामागे हात नेला. मी मोठ्यानं खोकलो.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा चेरीतालला त्यांच्या पुतण्याच्या घरी भेटायला गेलो. खोलीत ओमतीतले चारपाच दुकानदार आधीच बसलेले. पुतणसून म्हणाली, "जोरात बोला, भाऊ. त्यांना ऐकू येत नाही."

आक्कांचे डोळे माझ्यावर होते. हळू बोललो असतो आणि त्यांनी उत्तर दिलं असतं, तर सगळ्यांना सगळं कळलं असतं. तेवढंच करायचं होतं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "आक्का, मी आलोय!"

त्यांच्या पापण्या तेवढ्या थरथरल्या. मग त्यांनी मान हलवली. थोडी उशिरा, बहिरी माणसं हलवतात तशी.