दुसऱ्या टोकाला कोन हाय?

कॉलेजात काहीही बंद पडलं, पंखा असो की घंटा, की आमचे फौजी आधी विजारीला हात पुसायचे आणि मग विचारायचे, "दुसऱ्या टोकाला कोन हाय?"

ते कोरेगावकडचे. लष्करात टेलिफोनच्या तारा ओढून निवृत्त झालेले. ऐंशीचं दशक संपता संपता विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीवर शिपाई होते. मी तिथला नवा अधिव्याख्याता. उन्हाळ्यातही टाय लावणारा. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. नसेल, तर तो बहुधा तुम्हीच.

मी एक शेल लिहीत होतो, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा ऐकून यंत्राकडून कामं करून घेणारा प्रोग्राम. एकेक आज्ञा छान चालायची. पण पाइप टाकून दोन जोडल्या, पहिलीने मुलांची नावं द्यायची आणि दुसरीने ती क्रमाने लावायची, की सगळं ठप्प. आठवडा गेला. चूक माझी असणं शक्यच नव्हतं, म्हणून मी प्राचार्यांना लेखी कळवलं : शिपाई झाडताना केबल हलवतात.

फौजींची बदली वसतिगृहाच्या फाटकावर झाली. किल्ली द्यायला आले तेव्हा म्हणाले, "सर, ह्यो आडकतोय म्हंजी करतोय काय?"

"क्रम लावणारा वाट बघतोय. अजून नावं येतील म्हणून."

"आन् देनारा?"

"तो कधीच संपला."

"मग तिसरं कुनीतरी फोन धरून बसलं आसल. त्यो ठेवल्याबिगर ह्याला कसं कळनार, बोलनं संपलं म्हून?"

मी हसलो. ते गेल्यावर मात्र गुपचूप प्रोग्रामचे कागद काढले. तिसरा होता माझा शेलच. पाइपचं लिहायचं टोक पहिल्या आज्ञेला देऊन त्याने ते स्वतःजवळही उघडंच ठेवलं होतं. ते बंद करणारी एक ओळ घातली आणि नावं धडाधड आली.

तसाच फाटकावर गेलो. "फौजी, चूक माझी होती."

"चालतंय न्हवं आता?"

"चालतंय."

"मग झालं की!"

पत्र मी मागे घेतलं. हुकूम कुणी मागे घेतला नाही. नोकरीचं उरलेलं वर्ष त्यांनी फाटकावरच काढलं.

गावी निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो. त्यांनी माझ्या हातात घेवड्याची पिशवी कोंबली, गाडीत चढले आणि खिडकीतून कडक सलाम ठोकला. घाईघाईने सलाम करायला गेलो आणि पिशवी सुटली. गाडी वळली तेव्हा मी टाय खांद्यावर टाकून, ओणवा होऊन घेवडा वेचत होतो.