तीन मोहांखालचे गवत

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, दरेकशाजवळच्या एका खासगी गोल्फ मैदानावर आग लागली. तीत माझी आत्या भाजली. गोंदियाच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ती वारली.

आग तिनेच लावली होती. मोह गळायला लागण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन मोकळी झाली की पडलेली फुले वेचता येतात. आत्या लग्न होऊन आल्यापासून हेच करत होती.

मैदानाचे काम सुरू होण्याआधी मी तिच्यासोबत तिथे गेलो होतो. तिची तीन झाडे कुंपणाच्या आत जाणार होती. ती राहतात की तुटतात, एवढेच तिला विचारायचे होते. मैदानाचा आराखडा करणारा माणूस नाशिककडचा होता. पूर्वी तो वाईनच्या कारखान्यात होता.

“दोन पद्धती असतात, मावशी,” तो म्हणाला. “कोणी द्राक्षं जशी आली तशी आंबवतो. कोणी लाकडी पिंपात मुरवून हवी ती चव आणतो. मैदानाचंही तसंच. कोणी जमीन सपाट करून आपलं चित्र बसवतो. मी जमीन आहे तशी ठेवतो.”

“आमच्याइथं बी तसंच हाय, साहेब,” आत्या म्हणाली. “गूळ टाकून दारू कोनी बी काढते. निस्त्या मोहाची काढून दाखवा, मंग मानतो.”

तो हसला.

“हासून काऊन राहिले? माह्या झाडाचं सांगा.”

“झाडं राहतील. तुम्ही खुशाल वेचा. त्यांच्याखालचं गवतही कापणार नाही.”

आत्या खूश होऊन परतली. पाला जाळण्याची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही. मला ती माहीत होती.

पूर्वी त्या झाडांखाली गुरे चरत, त्यामुळे गवत कधी वाढत नसे. कुंपणानंतर गुरे बंद झाली. मार्चपर्यंत गवत कमरेला आले आणि वाळले. आत्याने नेहमीसारखा पाला गोळा करून काडी लावली. वारा होता. ती पळसाची फांदी घेऊन आग झोडपत राहिली, असे पहारेकऱ्याने पोलिसांना सांगितले. पाणी दिलेल्या, बारीक कापलेल्या हिरवळीच्या कडेला आग आपोआप थांबली. आत्या तिथून तीस पावलांवर पडली होती.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो. उरलेले गवत कापलेले होते. तिन्ही झाडे उभी होती. बुंधे माझ्या छातीइतक्या उंचीपर्यंत काळे होते.