धाकूची झील

धाकू रोज सकाळी माडाच्या झापातला एक हीर, पातीमधली लवचीक काडी, ओढून काढायचा, मधोमध वाकवायचा आणि त्याने जीभ खरवडायचा. गावात सगळेच खरवडायचे. दोन फेरे, एक चूळ, संपलं. धाकू अंगणाच्या कडेला उकिडवा बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खरवडत राहायचा, मग हीर मोडून लांब फेकायचा. त्याची बायको राही चुलीपुढून म्हणायची, “जीभ ठेवा थोडी. पेज गिळायला लागंल.”

ही सवय त्याला जन्माची नव्हती. चाळिशी उलटल्यावर लागली, सन तेहेतीसच्या माघातल्या एका रविवारनंतर.

हातखंब्याच्या पुढे घाटी उतरून गेलं की त्याचं गाव. शिमग्यात गावदेवीच्या पालखीपुढे नमन व्हायचं आणि त्यात धाकू झील धरायचा. नमनात पुढे एक गाणारा असतो. तो ओळ टाकतो, मागे रांगेत उभे असलेले सात-आठ जण ती उचलतात. त्या उचलण्याला झील म्हणायचं. नाव होतं ते पुढच्याचं. झीलवाल्यांना कोणी विचारत नाही, आणि धाकूला त्याचं काही वाटत नसे. अठराव्या वर्षापासून त्याची जागा ठरलेली, डावीकडून तिसरी. पुढच्याचा शेवटचा शब्द अजून हवेत असायचा तोवर धाकूचा आवाज त्याच्या खाली जाऊन उभा राहायचा, कौलांखाली वासा असतो तसा. शब्द काय आहे हे बघायला तो थांबत नसे. थांबलं की झील तुटते. बापाने शिकवलं होतं, “कानानं घे नि तोंडानं दे. मधी डोकं घालू नको.”

त्यांच्या गावात बारा नमनं होती. पहिलं धरतीला, मग पाण्याला, सूर्याला, गावदेवीला असं करत शेवटचं त्या जागेच्या धन्याला. हा धनी म्हणजे जमिनीचा खोत नव्हे. प्रत्येक जागेला न दिसणारा एक राखणदार असतो. त्याचं नाव घेतल्याशिवाय तिथे पाय आपटायचा नाही, टाळ वाजवायचा नाही. परगावी गेले तर मंडळी आधी ते नाव विचारून घ्यायची.

पुढे गाणारा सदू धाकूचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी लहान. मुंबईच्या गिरणीत चार वर्षं काढून खोकला घेऊन परतलेला. त्या माघात तो रत्नागिरीच्या बाजारातून बातमी घेऊन आला. आत्मारामशेट म्हणून सुक्या मासळीचे एक व्यापारी होते. त्यांनी बंदराजवळची आपली वखार रिकामी करून तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. दर रविवारी दुपारी गाणं. एकदा नाटक मंडळीतून सुटलेला पेटीवाला, एकदा भजनी मंडळ, आणि आता ह्यांचं नमन. “लोकांस्नी आवाडलं तर दर आयतवारी बोलावनार हाय,” सदू म्हणाला. “पोरांना मुंबईला जावं लागायचं नाय.”

शिमगा सोडून नमन करावं का, यावर दोन दिवस घोळ झाला. शेवटी सगळे गेले. धाकूही गेला.

वखारीत पाऊल टाकताच त्याला उमासा आला. भिंतींना चुना लावला होता, पण सुक्या बांगड्याचा वास चुन्यातून येत होता, आणि त्यावर शेटनी गुलाबपाणी शिंपडलं होतं. त्या दोन वासांनी मिळून जो तिसरा वास केला होता तो धाकूच्या टाळूला चिकटला. कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या. पुढच्या खुर्चीत स्वतः शेट, मांडीवर तबक, बोटं चुन्याने पांढरी. मागच्या बाकांवरचे कचेरीतले लोक नमनातल्या सोंगांच्या उंच टोप्यांकडे बोटं दाखवून आत्ताच हसत होते.

धाकूने पुढे होऊन विचारलं, “शेट, ह्या जागंचा राखनदार कोन?”

“दारात पठाण ठेवलाय की,” शेट म्हणाले.

मागचे बाक खदखदले. धाकू सदूकडे वळला. “नाव मिळाल्याबिगर शेवटचं नमन कसं घेनार?”

“तू तुजी झील धर, दादा. नावाचं मी बघतो.”

मृदंग लागला. अकरा नमनं झाली. प्रत्येक देवाच्या नावाला मागून कोणीतरी शीळ घालत होतं. धाकूने डोळे मिटून घेतले होते. मग सदूने आवाज चढवला आणि बारावं नमन टाकलं:

“बारावं नमन, आत्मारामशेटला.”

आणि रांगेने उचललं. धाकूनेही उचललं, नेहमीसारखंच, शब्द हवेत असतानाच. नाव तोंडातून निघून गेल्यावर ते कानाला कळलं.

हशा पिकला. शेट उठले, एक हात उंचावून देवाने घ्यावा तसा त्यांनी नमस्कार घेतला आणि पानाचा लाल रस रुमालाने टिपला. बाकांवरून “वन्स मोअर, वन्स मोअर” सुरू झालं. सदूने रांगेकडे न बघता तेच नमन पुन्हा टाकलं.

या वेळी धाकूला माहीत होतं. ओळ येताना दिसत होती. त्याने ओठ आवळले होते. पण मृदंगाने सम गाठली, डावीउजवीकडचे दोघं श्वास घेऊन पुढे झुकले, आणि त्याचं तोंड उघडलं. शेटचं नाव त्याने अख्खं, स्वच्छ, चांगल्या सुरात म्हटलं.

परतीच्या वाटेवर मंडळी हातखंब्याला टेकली. तिथे एका दगडावर बसून धाकू ओकला. सदू पाण्याचा तांब्या घेऊन आला.

“देवांच्या रांगेत त्या मानसाला उभा केलास,” धाकू म्हणाला.

“केला. उचललंस तू. दोनदा.”

धाकूने तांब्या घेतला नाही. सदूचं चुकीचं नव्हतं, हीच खरी ओकारी होती. शेटची किळस घाटी उतरली की मागे राहिली असती. स्वतःच्या तोंडाची मागे कशी राहणार?

राहीने सगळं ऐकून घेतलं. “शब्दच तो. चूळ भरा नि जेवा,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून हीर सुरू झाला.

त्या शिमग्यात मानकरी दोनदा बोलावायला आले. धाकू गेला नाही. “माजं तोंड कुनीबी पुढं व्हऊन वापरावं असं हाय,” एवढंच त्याने सांगितलं. देवीपुढे असलं तोंड नेण्यापेक्षा ते बंद असलेलं बरं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. मानकऱ्यांना वाटलं, भावाभावांचं भांडण असेल. सदूने रांगेत तिसऱ्या जागी दुसऱ्याला उभं केलं. झील ऐकू यायची, पण तिच्याखाली काही नसायचं.

सदू वर्षभर दर रविवारी वखारीत जात राहिला. शेटच्या मागोमाग शेटच्या मुलाचं नमन झालं, मग कोणा अंमलदाराचं. पुढे शेटनी पडदा लावून सिनेमाचं यंत्र आणलं आणि नमनवाल्यांना दाराबाहेर उभं राहून लोक गोळा करायला सांगितलं. तेही त्यांनी काही महिने केलं. नंतर पोरं एकेक करून मुंबईला गेली आणि सदू खरखरीत गळा घेऊन गावातल्या शिमग्यापुरता उरला. या बातम्या आल्या की धाकू अंगणात जाऊन थुंकायचा. आनंद त्याला झाला नाही.

सन अडतीसच्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा धाकू पडवीत घोंगडीवर होता; पायांवर सूज, श्वास अर्धा. सदूने अंगणात बारा नमनं घेतली. शेवटचं त्याने जागेच्या धन्यालाच घेतलं, आणि तिथे त्याचा आवाज फाटला. रांग अडखळली. सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. धाकूच्या गळ्याची शीर वर आलेली राहीने पाहिली. त्याने खालचा ओठ दातांखाली धरला आणि मृदंगाची सम निघून जाऊ दिली.

पालखी उचलायच्या आधी सदू पायरीशी आला, नेहमीसारखा खोकत. धाकूने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि राहीला जवळ बोलावलं. त्या रात्री तो झोपेतच गेला, त्यामुळे राहीला पुढे कोणी त्याचं शेवटचं बोलणं विचारलं की ती तेवढंच सांगायची, जे तो पायरीकडे बघत तिला म्हणाला होता:

“त्याला गूळ दे गो, घसा बसलाय. नि पानी वरनं ओत, तांब्याला तोंड लावू देऊ नको.”