म्हैसमाळचा घाट, दुसरा गिअर आणि खालांच्या हातातली दोरी

रविवार, १९ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. उस्मानपुऱ्यात शमीम खालांच्या फाटकासमोर मी त्यांच्या गाडीच्या चाकांचे नट तिसऱ्यांदा आवळून बघत होतो. दोनदा बघून झाले होते, पण मागच्या डाव्या चाकाचा शेवटचा नट बघितला की नाही, ते आठवेना.

"इतना कसेगा तो पहिया घूमना भूल जाएगा," खाला फाटकातून म्हणाल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात थर्मास. मी पाना ठेवला आणि मागचं दार उघडून दिलं. खाला नेहमी मागंच बसतात.

आधी थोडं सांगतो, म्हणजे या सहलीला एवढी तयारी का, ते कळेल. खाला आमच्या दोन घरं पलीकडं राहतात. त्यांचे मिस्टर, आमचे खालू, औरंगपुऱ्यात कापडाचा व्यापार करायचे. ते गेल्यापासून त्यांची बदामी रंगाची जुनी हॅचबॅक ताडपत्रीखाली उभी होती. खालांच्या पुण्याच्या मुलानं फोनवरच भंगारवाल्याशी बोलणी केली. सोमवारी तो उचलून नेणार होता. मी शेंद्र्याला एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगचं काम करतो. अकरावीनंतर शिकलो नाही. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना वेरूळला नेता येईल अशी एक स्वतःची गाडी असावी, हे माझ्या डोक्यात कित्येक दिवस होतं. मी भीतभीतच विचारलं, ही गाडी मला हप्त्यानं विकता का. खाला हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत. खालू त्यांना दर थंडीत म्हैसमाळला न्यायचे, म्हणून त्यांनी अट घातली, "म्हैसमाल का घाट चढी तो तेरी. रुकी तो कबाड़ी की."

तेव्हा हे प्रवासवर्णन वाचताना एवढंच लक्षात ठेवा, मी फिरायला नव्हे, परीक्षेला निघालो होतो.

विम्याचं नूतनीकरण आणि पीयूसी आधीच करून घेतलं होतं. बॅटरी, ऑइल, टायर, फिल्टर, सगळं बघितलं होतं. केबलना बाहेरून हात लावून बघितला होता. आतली तार कुठं दिसते?

शहरातून म्हैसमाळ साधारण चाळीस किलोमीटर. नगर नाक्यावरून निघालं की दौलताबादपर्यंत रस्ता बरा आहे. सकाळी लवकर निघा, कारण किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते आणि उशीर झाला की दोन्ही बाजूंनी रांग लागते. आम्ही वेळेत पोचलो, तरी समोरून एक बस आलीच. तिला वाट देऊन मी पहिला गिअर टाकायला गेलो, तर दांडा हातात पातळ खिचडीतल्या पळीसारखा फिरायला लागला. गिअर पडेचना. मागून हॉर्न सुरू झाले आणि माझ्या कानामागून घाम उतरला.

दरवाजाच्या अलीकडं पेरू विकत बसलेले एक काका उठून आले. त्यांनी मागच्या जीपवाल्याला हाताला धरून उतरवलं आणि दोघांनी गाडी कडेला ढकलली.

"घाबरू नको भाऊ. बॉनेट तर उघड."

गिअरच्या दांड्यापासून दोन केबली निघतात आणि गिअरबॉक्सवरच्या दोन छोट्या गोल खुंट्यांवर बसतात. त्यातली एक निसटून लोंबत होती. तिच्या टोकातलं प्लास्टिकचं बुश, म्हणजे खुंटीवर घट्ट बसणारी कडी, उन्हानं, वयानं भुगा झालं होतं. केबल शाबूत, पण धरून ठेवणारं काही नाही.

"रबर लागंल," मी स्वतःशीच पुटपुटलो.

काकांनी छत्रीच्या दांडीला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली. "हे घे. लई जुनी हाय, पन सुटत नाय."

खुंटीवर पट्टीचे दोन घट्ट वेढे दिले, त्यावर केबलचं टोक दाबून बसवलं आणि वरून बारीक तारेनं आवळलं. गिअर पडला. मागंही, पुढंही. पट्टीचे पैसे विचारले तर काका म्हणाले, "पेरू घे की मग." दोन किलो घेतले. आतून गुलाबी निघाले. थंडीत या रस्त्यानं गेलात तर नक्की घ्या.

गाडीत बसताना मी मागं बघायचं टाळलं.

"खाला, हे थांबणं अटीत धरायचं का?"

"घाट कहाँ आया अभी," खाला पेरू पुसत म्हणाल्या. "चल."

खुलताबादला चहा घेतला आणि म्हैसमाळचा रस्ता धरला. चढ सुरू झाल्यावर गाडी दुसऱ्यात ठेवली आणि ठरवलं, आता दांड्याला हात लावायचाच नाही. जानेवारीत इथलं गवत पिवळं असतं आणि दरीत धुकं रेंगाळतं, असं म्हणतात. मी काहीच बघितलं नाही. मी फक्त इंजिन ऐकत होतो.

शेवटची दोनतीन वळणं उरली असताना अॅक्सिलरेटरचं पेडल पायाखालून एकदम खाली गेलं आणि वर आलंच नाही. गाडीचा जोर गेला. क्लच दाबला, ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला. तार पेडलजवळच गंजून तुटली होती. बॉनेटखाली इंजिन मात्र मंद चालूच होतं.

मी खिडकीशी गेलो. खोटं बोलायचं नव्हतं.

"खाला, थांबली. नाय चढली."

खालांनी दार उघडलं. खाली उतरल्या, पदर सावरला आणि इंजिनात डोकावल्या. तार जिथं पोचते तिथं एक छोटी पट्टी असते, ती मी बोटानं ओढून दाखवली. इंजिन घुमलं. सोडली, तर स्प्रिंगनं पट्टी जागेवर गेली आणि आवाज पुन्हा खाली आला.

"मतलब ये खेंचने से चलती."

"हो. पण मी इथं उभा राहून हे ओढू, की गाडी चालवू?"

"और मैं क्या मेहंदी लगा के बैठी?"

डिकीत खालूंची कापडाचे गठ्ठे बांधायची सुती दोरी अजून होती. तिचं एक टोक त्या पट्टीला बांधलं, बॉनेटच्या मागच्या फटीतून दोरी बाहेर काढली आणि डाव्या खिडकीतून आत घेतली. खाला पुढच्या सीटवर बसल्या. मी त्यांना दहा वेळा सांगितलं, दोरी कशालाच बांधायची नाही, हाताला गुंडाळायचीही नाही. नुसती धरायची. सोडली की जोर आपोआप उतरला पाहिजे.

"समझी रे बावा. पतंग उड़ाई मैंने, तेरे पैदा होने के पहले."

पहिल्यांदा त्यांनी एवढी ओढली की गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा मी क्लच सोडला, त्यांनी दोरी घेतली आणि गाडी हलली.

"ओढा. अजून थोडी. सोडा, सोडा, वळण आहे! ओढा!"

"चिल्ला मत, बहरी नहीं मैं."

पुढच्या वळणावर मी तोंड उघडायच्या आत दोरी सैल झाली. त्यानंतर मी "ओढा" म्हणायच्या आत ती ताणली गेली. मी गप्प बसलो. स्टिअरिंग, क्लच, ब्रेक माझ्याकडं, जोर त्यांच्याकडं. इंजिन कुठं दमतं आणि कुठं मोकळं होतं, हे त्यांना माझ्याआधी कळत होतं. शेवटच्या चढावर समोरून दोन मोटारसायकली आल्या. त्यावरची पोरं दोरी धरून बसलेल्या बाईकडं वळून वळून बघत गेली. खालांनी त्यांना मान हलवून सलाम केला.

वर सपाटीवर गाडी लावली. वारा बोचरा होता. देवीच्या देवळाकडं जाणारे लोक थांबून दोरी बघत होते. खालांनी डबा उघडला, अंडा-पराठे आणि लिंबाचं लोणचं. मी माझा पराठा झाकणावर ठेवला.

"खाला, अट काय होती? गाडी थांबली होती."

"हौ, रुकी थी." त्यांनी पराठ्याचा तुकडा मोडला. "सच बोलूँ? मैं दुआ माँग के निकली थी, रुक जाए बोल के. उनकी जगह पे दूसरा बैठे, मुझे नक्को था. कबाड़ी ले जाता तो बात खतम."

"मग दोरी का धरली?"

त्यांनी बॉनेटकडं बोट केलं. "पैडल मर गया था बाबू, इंजन तो बोल रहा था ना. मैं उतरी तो भी बोल रहा था. उसको वैसा छोड़ के कैसे जाती?" मग थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या, "और नीचे पैदल कौन जाता?"

चहा पिताना त्यांनी सांगितलं की पुढच्या सीटवर त्या आज पहिल्यांदा बसल्या. तिथं कायम कापडाचे गठ्ठे असायचे. म्हैसमाळला येतानाही खालू वाटेत कुणाचा तरी माल पोचवायचे. खाला मागं बसून त्यांची पाठ बघायच्या आणि इंजिन ऐकायच्या.

उतरताना दोरीचं फारसं काम पडलं नाही. खुलताबादच्या मेस्त्रींकडं आमच्या गाडीची केबल नव्हती. त्यांनी स्कूटरच्या क्लचची तार टाकून तात्पुरतं जमवून दिलं. दोरी बघून ते हसले. "खाला, लाइसन है क्या?"

"इसका लाइसन तू देता क्या मियाँ?"

असं तुम्ही करू नका, हे मी मनापासून सांगतो. मोकळा रस्ता होता आणि वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त होता. जुनी गाडी घेऊन घाटात जाणार असाल तर गिअरची आणि अॅक्सिलरेटरची, दोन्ही केबली आधी बदला, नुसत्या बघू नका.

पेडल परत जिवंत झाल्यावर मी मागचं दार उघडलं. खालांनी ते लावून टाकलं आणि पुन्हा पुढं बसल्या. दोरीची घडी करून पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला, "उसको बोल, कल मत आ."

आता गाडी माझ्या दारात असते. केबली नव्या आहेत. तरी चढ लागला की माझा पाय आधी थांबतो, डावीकडून कुणी ओढतंय का बघतो.

हिशोब:

पेट्रोल ८००
पेरू, दोन किलो १००
चहा, खुलताबाद ३०
क्लचची तार आणि मजुरी २२०
नंतर दोन्ही केबली, बुश, मजुरी २,९००
गाडीचे खालांना दिलेले २५,०००
खालांना देणं बाकी १७,०००, महिन्याला हजार. हप्ता घरी आणून द्यायचा नाही, अशी त्यांची अट आहे. त्या गाडीत बसून घेणार, पुढच्या सीटवर.